टाके निघाले तरी राखण सुरूच



हृदयाची बायपास म्हटले की पूर्वी आपल्या डोळ्यांसमोर मंत्री, कारखानदार नाहीतर सिनेनट यायचे. आता तसे राहिलेले नाही. जालन्याच्या रोलिंग मिलमध्ये भट्टीजवळ राबणारा कामगार, अंबड-घनसावंगीकडचा ऊसतोड्या, मोंढ्यातला हमाल, नगरपालिकेत झाडू मारणारी बाई, यांच्याही छातीवर आज ती उभी रेघ दिसते. शासनाच्या योजनेमुळे हे शक्य झाले आणि ते चांगलेच झाले. परंतु माणूस ऑपरेशन करून घरी आला, टाके निघाले, पाव्हणेरावळे बिस्किटाचा पुडा घेऊन भेटून गेले, की घरच्यांना वाटते, सुटलो एकदाचे! खरे तर घरची राखण तिथून सुरू होते. पीक कापून खळ्यावर आले म्हणून कोणी राखणदार काढून टाकत नाही, तसेच हे आहे.

मी डॉक्टर नाही. कारकुनी करणारा, जमाखर्चाचा माणूस. परंतु योजनेचे कागद भरून देण्याच्या निमित्ताने अनेक कुटुंबांबरोबर दवाखान्याच्या पायऱ्या चढाव्या लागतात. घरी सोडताना जे कार्ड हातात देतात ते इंग्रजीत असते आणि घरात कोणाला वाचता येत नाही. मग प्रश्न येतात. छातीतून कट्कन आवाज येतो, चालेल का? पाय सुजलाय, शेकू का? ताप येतो, अशक्तपणाच असेल ना? हे प्रश्न जाणकार डॉक्टरांना विचारून जे समजले, ते आज एका ठिकाणी मांडतो. बायपासनंतर क्वचित उद्भवणारे त्रास कोणते, ते ओळखायचे कसे आणि त्यावर इलाज काय, हा आजचा विषय.

बायपास म्हणजे काय?

हृदय हा एक पंप आहे. त्या पंपालाही स्वतःला रक्त लागते आणि ते त्याच्यावरून जाणाऱ्या बारीक धमन्यांतून मिळते. या धमन्यांत चरबीचा गाळ साचला की पाटात गाळ साचल्यासारखे होते, पुढचे शेत सुकते. कधी गाळाच्या जागी आतून जाळी बसवून रस्ता मोकळा करतात, ती अँजिओप्लास्टी. जेव्हा अडथळे अनेक असतात किंवा अवघड जागी असतात, तेव्हा बाजूने नवा पाट काढून देतात, ती बायपास. हा नवा पाट आपल्याच शरीरातून घेतात. एक धमनी छातीच्या हाडामागची, आणि बाकी शिरा बहुधा पायातल्या. त्यासाठी छातीचे मधले हाड उभे कापून उघडावे लागते आणि काम झाल्यावर ते स्टीलच्या तारांनी घट्ट बांधतात. ही तार कायम आत राहते.

पायातली शीर वापरून ही शस्त्रक्रिया रुळवली ती अर्जेंटिना देशातल्या डॉ. रेने फावालोरो यांनी, १९६७ साली अमेरिकेतल्या क्लीव्हलंड येथे. त्यांचे वडील सुतार होते, आई शिवणकाम करायची. अमेरिकेला जाण्यापूर्वी या माणसाने बारा वर्षे एका खेड्यात गोरगरिबांचा डॉक्टर म्हणून काम केले होते. आपल्या देशातली पहिली बायपास १९७५ साली चेन्नईच्या पेरांबूर रेल्वे रुग्णालयात डॉ. के. एम. चेरियन यांनी केली. म्हणजे कामगारांसाठी बांधलेल्या रुग्णालयात! ही श्रीमंतांची शस्त्रक्रिया आहे, हा गैरसमज यावरून तरी दूर व्हावा.

शंभरातला एक

आता हिशेबाची गोष्ट. ठरवून, तयारीनिशी केलेल्या बायपासमध्ये शंभरातले सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव रुग्ण सुखरूप घरी जातात. तेव्हा कोणी घाबरून ऑपरेशन टाळू नये. टाळण्यातला धोका बहुधा त्याहून मोठा असतो. परंतु डॉक्टर जेव्हा म्हणतात की अमुक त्रास शंभरात एखाद्याला होतो, तेव्हा तो आकडा दवाखान्याच्या वहीतला असतो. ज्याच्या घरात तो त्रास येतो, त्याच्यासाठी तो शंभरपैकी शंभर असतो. आणि तो एक आपलाच माणूस आहे हे सर्वांत आधी कोणाला कळणार? संभाजीनगरला, पुण्याला बसलेल्या डॉक्टरांना नव्हे. त्याच्या शेजारी झोपणाऱ्या बायकोला, भाकर वाढणाऱ्या सुनेला, मलमपट्टी बघणाऱ्या मुलीला कळणार. म्हणून हा लेख रुग्णापेक्षा घरच्यांसाठी अधिक आहे.

दवाखान्यात असताना जे त्रास होतात त्यांची काळजी तिथले लोक घेतात, म्हणून थोडक्यात सांगतो. रक्तस्राव थांबत नसेल तर शंभरातल्या दोन-चार जणांना पुन्हा आत नेऊन छाती उघडावी लागते. काहींच्या किडनीवर ताण येतो, अशा वेळी क्वचित तात्पुरते डायलिसिस करतात. नातेवाइकांनी अशा वेळी "डॉक्टरने बिघडवले" म्हणून आरडाओरडा करण्याऐवजी काय झाले, का झाले आणि आता काय करणार, हे तीन प्रश्न शांतपणे विचारावेत. उत्तर मिळणे हा तुमचा हक्क आहे.

आणखी एक. अतिदक्षता विभागात दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काही रुग्ण, विशेषतः वयस्क माणसे, बरळू लागतात. मेलेली माणसे दिसतात म्हणतात, नळ्या ओढतात, घरच्यांना ओळखत नाहीत. याला बाहेरची बाधा समजून अंगारा-लिंबू घेऊन दवाखान्यात येणारे लोक अजूनही आहेत. ही बाधा नाही. भुलीची औषधे, झोपमोड, वेदना, रक्तातल्या क्षारांचा बिघाड यांमुळे मेंदू काही दिवस गोंधळतो. ओळखीचा आवाज, चष्मा, दिवसा उजेड आणि रात्री झोप यांनी बहुतेकांना उतार पडतो. अंगाऱ्याची तिथे गरज नाही, जवळच्या माणसाची आहे.

छातीचे हाड

घरी आल्यानंतरचा सर्वांत गंभीर धोका छातीच्या जखमेचा. कातडीवर थोडी लाली किंवा एखाद्या टाक्यातून पाणी येणे वेगळे, ते साध्या औषधाने आवरते. परंतु शंभरात एक-दोघांना जंतू खोल हाडापर्यंत जातात. हे बहुधा दोन ते चार आठवड्यांत, म्हणजे माणूस घरी असतानाच उघडकीला येते. मधुमेह असलेल्यांना, बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांना आणि स्थूल माणसांना हा धोका अधिक. मधुमेह आपल्या समाजाला नवा नाही; बाबासाहेबांनाही या आजाराने अनेक वर्षे छळले होते. जखम भरण्याच्या काळात साखर आटोक्यात नसेल तर भारीतले अँटिबायोटिकही हात टेकते.

आमच्या ओळखीच्या एका गवंड्याची गोष्ट सांगतो. ऑपरेशन होऊन अठरा-एकोणीस दिवस झाले होते. जखमेच्या खालच्या टोकाला पिवळसर पाणी येऊ लागले. शेजारणीने हळद भरायला सांगितली, कोणी बाभळीची साल उगाळून लावायला सांगितली. त्याच्या बायकोचे शिक्षण चौथीपर्यंत. परंतु रात्री नवरा खोकला की छातीतून कट्कन आवाज येतो, हे तिने हेरले. तिने हळदीचा डबा बाजूला ठेवला आणि सकाळच्या पहिल्या गाडीने नवऱ्याला जिथे ऑपरेशन झाले होते तिथे नेले. हाडाची एक तार सुटली होती आणि आत पू साचू लागला होता. पुन्हा जखम उघडली, धुतली, शिरेतून अँटिबायोटिक दिले. महिन्याभराहून अधिक काळ दवाखान्यात गेला. आज तो माणूस कामावर आहे. डॉक्टर म्हणाले, अजून चार दिवस घरी बसले असते तर जंतू रक्तात गेले असते.

हाच या त्रासाचा इलाज. खोल जंतुसंसर्ग झाला की जखम पुन्हा उघडून सडलेला भाग काढावा लागतो. काही ठिकाणी जखमेवर हवा ओढणारे यंत्र लावतात, ते आतली घाण शोषून घेते आणि जखम लवकर स्वच्छ होते. मग हाड पुन्हा तारांनी बांधतात किंवा छातीचा स्नायू सरकवून ती पोकळी भरतात. अँटिबायोटिक अनेक आठवडे चालते. काम लांबते, परंतु वेळेवर गेलेली बहुतेक माणसे वाचतात.

म्हणून ध्यानात ठेवा. जखमेतून पाणी किंवा पू, थंडी वाजून ताप, दुखणे कमी होण्याऐवजी वाढत जाणे, आणि खोकताना, कूस बदलताना हाड हलल्याची जाणीव किंवा आवाज, यातले एकही दिसले तर त्याच दिवशी दवाखाना. हळद, राख, तेल, चुना काहीही लावू नका.

हाड सांधायला आठ ते बारा आठवडे लागतात. पहिले दोन महिने चार-पाच किलोंपेक्षा जास्त उचलायचे नाही. आता हिशेब करा. पाण्याने भरलेला हंडा पंधरा किलोंच्या घरात जातो. सिमेंटची गोणी पन्नास किलोंची. म्हणजे हापसा हापसणे, हंडा उचलणे, नातवाला कडेवर घेणे, मोटारसायकल चालवणे, सगळे बंद. खाटेवरून उठताना हातावर जोर देऊन उठू नये. कुशीवर वळून, पाय खाली सोडून, कोणाच्या तरी आधाराने उठावे. खोकला आला तर उशी छातीशी दोन्ही हातांनी घट्ट धरून खोकावे. भगिनींच्या बाबतीत स्तनांच्या वजनाने जखम ओढली जाते, म्हणून डॉक्टरांना विचारून योग्य आधाराची बॉडी रात्रंदिवस वापरावी. हे विचारायला लाजू नये.

आणि खरी अडचण इथेच आहे. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, कोयत्याची जोडी मोडली तर पैसे अंगावर येतात. मिलमध्ये रोजंदारी असते, खाडा झाला की पगार नाही. म्हणून माणूस विसाव्या दिवशी कामावर उभा राहतो. घरातल्या बाईचे ऑपरेशन झाले असेल तर तिला कोणी सांगत नाही, पण चूल आणि पाणी तिचीच वाट बघत असतात. तीन महिने पाणी कोण भरणार, हे ऑपरेशनच्या आधी ठरले पाहिजे. भावकीने, शेजाऱ्यांनी, वस्तीतल्या तरुणांनी पाळी लावून एका घराचे पाणी भरले तर त्याला एक पैसा खर्च नाही. विहारात जमतो तेव्हा असे एखादे काम वाटून घेणे अवघड नाही.

पायाची जखम

पायातली शीर काढली त्या पायावर घोट्यापासून वर लांब जखम असते. पाय काही आठवडे सुजतो, घोट्याजवळ बधिरपणा राहतो. बसताना पाय उंचावर ठेवला, रोज थोडे चालले, की सूज उतरते. परंतु लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट अशी की काहींना महिन्यांनी, वर्षांनीही त्याच पायाला अचानक लालभडक सूज आणि हुडहुडी भरून ताप येतो. याचे मूळ अनेकदा बोटांच्या बेचक्यांत असते. चिखलात, पाण्यात काम करणाऱ्यांच्या बेचक्यांत बुरशी होऊन चिरा पडतात, तिथून जंतू आत शिरतात. अँटिबायोटिकने ताप जातो, पण बेचक्यांतली बुरशी औषध लावून घालवली नाही तर दुखणे पुन्हा येते. पाय धुऊन बेचक्या कोरड्या करणे हा निम्मा इलाज आहे. मात्र पोटरी एकाच बाजूला सुजून दुखत असेल आणि दम लागत असेल तर शिरेत रक्ताची गुठळी झाल्याची शंका येते. अशा वेळी पाय चोळू नये, दवाखान्यात जावे.

हृदयाभोवती पाणी

ऑपरेशननंतरच्या पहिल्या आठवड्यापासून दीड-दोन महिन्यांपर्यंत काहींना बारीक ताप येतो, छातीत टोचते, दीर्घ श्वास घेतला किंवा आडवे झाले की जास्त दुखते आणि पुढे वाकून बसले की बरे वाटते. हृदयाच्या आवरणाला सूज येऊन तिथे किंवा फुप्फुसाभोवती पाणी साचल्याचे हे लक्षण. एक्स-रे आणि सोनोग्राफीसारखी हृदयाची इको तपासणी केली की समजते. बहुतेकांना सूज उतरवणाऱ्या गोळ्यांनी गुण येतो. मात्र या गोळ्या डॉक्टरांनीच ठरवाव्यात. बायपास झालेल्या माणसाने मेडिकलवरून मनाने दुखण्याच्या गोळ्या आणून खाणे हृदयालाही वाईट आणि किडनीलाही.

क्वचित हे पाणी किंवा रक्त इतके साचते की हृदयाला फुगायलाच जागा राहत नाही. मग दम लागतो, चक्कर येते, लघवी कमी होते, मानेच्या शिरा फुगतात, अंगाला घाम सुटतो. रक्त पातळ करणारे औषध चालू असलेल्यांना हा धोका अधिक. इथे तासांचा प्रश्न असतो. सुईने किंवा लहानशी चीर देऊन पाणी काढले की माणूस डोळ्यांदेखत सावरतो. "अशक्तपणा आहे, सलाइन लावू" म्हणून गावातच थांबू नका.

ठोके आणि लकवा

ऑपरेशननंतर पहिल्या आठवड्यात हृदयाचे ठोके बेताल होणे हे मुळीच दुर्मिळ नाही. शंभरात वीस ते चाळीस जणांना होते आणि बहुतेकांचे औषधाने थांबते. परंतु घरी आल्यावर छातीत धडधड सुरू झाली तर कळवलेच पाहिजे, कारण बेताल हृदयात रक्ताची गुठळी होते आणि ती मेंदूत गेली तर लकवा मारतो. बायपासच्या वेळी किंवा नंतर लकवा येण्याचे प्रमाण शंभरात एक-दोन आहे. तोंड वाकडे होणे, एक हात लुळा पडणे, बोबडी वळणे, ही खूण. लगेच सीटी स्कॅनची सोय असलेले मोठे रुग्णालय गाठावे आणि "बायपास अमुक तारखेला झाली" हे पहिल्या वाक्यात सांगावे. कारण गुठळी विरघळवणारे इंजेक्शन नुकत्याच मोठ्या शस्त्रक्रियेनंतर सहसा देत नाहीत. काही रुग्णालयांत धमनीतून नळी घालून गुठळी ओढून काढतात. लकव्यावर कबुतराचे रक्त किंवा गावठी मालीश करणाऱ्याकडे नेण्यात गेलेला वेळ परत मिळत नाही.

छाती ताणून उघडल्यामुळे काहींच्या करंगळीला आणि शेजारच्या बोटाला मुंग्या येतात, तर काहींची श्वासपटलाची नस दुखावून आडवे झाल्यावर दम लागतो. हे दोन्ही त्रास बहुतेकांचे काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ओसरतात. श्वासाचे व्यायाम आणि त्या तीन चेंडूंच्या यंत्रात फुंकर न मारता आत ओढण्याचा सराव चुकवू नये.

डाव्या हाताची चोरी

आता एक खरोखर दुर्मिळ, पण समजायला सोपी गोष्ट. हाडामागची जी धमनी हृदयाला जोडतात, ती डाव्या हाताला रक्त नेणाऱ्या मोठ्या धमनीतून फुटते. म्हणजे एकाच कालव्याच्या दोन चाऱ्या, एक हाताला आणि एक हृदयाला. काही वर्षांनी त्या मुख्य कालव्याच्या तोंडाशीच गाळ साचला, तर दोघांनाही पाणी कमी पडते. माणूस डाव्या हाताने काम करू लागला की हात हृदयाच्या वाट्याचे रक्त पळवतो आणि छातीत दुखू लागते. ओळखायचे कसे? दोन्ही दंडांचे ब्लडप्रेशर मोजले तर डाव्या हाताचे वीसेक अंकांनी कमी भरते. त्या जागी जाळी बसवून किंवा छोटी शस्त्रक्रिया करून हे दुरुस्त होते. म्हणून बायपास झालेल्या माणसाने वर्षातून एकदा तरी "डॉक्टरसाहेब, दोन्ही हातांचे प्रेशर बघा" असे सांगावे. याला पैसे पडत नाहीत.

नवा पाटही गाळाने भरतो

छातीतली धमनी चिवट असते. दहा वर्षांनीही दहापैकी नऊ माणसांत ती चालू सापडते. पायातल्या शिरा मात्र दहा वर्षांत जवळपास निम्म्या बंद पडतात. क्वचित अशी शीर फुग्यासारखी फुगते आणि तिच्यावर पुन्हा इलाज करावा लागतो. बायपासने रस्ता मिळतो, गाळ साचवणारा आजार जात नाही.

माजी पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांची पहिली बायपास १९९० साली झाली. नंतर अँजिओप्लास्टीही करावी लागली. तरीही अडथळे आले आणि २४ जानेवारी २००९ रोजी दिल्लीच्या एम्समध्ये दुसरी बायपास झाली. ती मुंबईच्या एशियन हार्ट इन्स्टिट्यूटचे डॉ. रमाकांत पांडा यांच्या पथकाने केली. एकदा उघडलेली छाती पुन्हा उघडणे अवघड असते, कारण आत सगळे चिकटलेले असते. त्यानंतरही ते २०१४ पर्यंत पंतप्रधान राहिले आणि डिसेंबर २०२४ मध्ये ९२ व्या वर्षी गेले. बायपासचे दुखणे पुन्हा उद्भवले म्हणजे सगळे संपले, असे नाही.

आपल्या वाचकांना जवळचे उदाहरण अ‍ॅड. बाळासाहेब आंबेडकर यांचे. जुलै २०२१ मध्ये त्यांची बायपास झाली, तेव्हा त्यांनी पक्षाच्या कामातून तीन महिने विश्रांती घेत असल्याचे जाहीर केले आणि जबाबदारी रेखाताई ठाकूर यांच्याकडे सोपवली. पुढे ३१ ऑक्टोबर २०२४ रोजी, विधानसभा निवडणुकीच्या ऐन धामधुमीत, छातीत दुखू लागल्याने त्यांना पुण्याच्या रुग्णालयात दाखल करण्यात आले आणि अँजिओप्लास्टी झाली. यातून दोन गोष्टी घ्याव्यात. एवढा व्याप असलेला माणूस तीन महिने थांबू शकतो. आणि बायपासनंतर तीन वर्षांनी छातीत दुखले तरी ते गॅसचे समजून सोडा पीत बसायचे नसते.

म्हणूनच अ‍ॅस्पिरिन आणि चरबी कमी करणारी गोळी जन्मभराची असते. "आता बरे वाटते" म्हणून, किंवा दात काढायचा आहे म्हणून, मनाने बंद करू नये. बिडी, तंबाखू, गुटखा मात्र आजच बंद. पंधरा वर्षांचा पाट पाच वर्षांत बुजवायचे काम बिडी करते.

मनाचेही सांगतो. ऑपरेशननंतर धट्टाकट्टा गडी लहान मुलासारखा रडतो, झोपत नाही, जेवत नाही, "मी आता ओझे झालो" म्हणतो. हे नाटक नव्हे. असे अनेकांचे होते आणि त्यामुळे औषधे चुकतात, चालणे बंद पडते. दोन-तीन आठवड्यांनीही सावरला नाही तर डॉक्टरांना सांगावे, त्यावर औषध आहे. आणि घरातल्यांनी त्याच्यासमोर कर्जाचा हिशेब मांडू नये.

कागद आणि पैसा

२०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून सुरू झालेली योजना २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने चालते. तिच्यात बायपास बसते. २०२३ च्या निर्णयाने संरक्षण कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत वाढवले आणि सर्व रेशनकार्डधारकांना त्यात घेतले. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. सुटी होण्यापूर्वी त्याच्याकडून तीन गोष्टी विचारून घ्या: सुटीनंतर किती दिवसांची औषधे मोफत मिळणार, पुढच्या तपासणीची सोय योजनेत आहे का, आणि जखम बिघडली तर परत आल्यावर खर्च कोणाचा. तोंडी उत्तरावर थांबू नका, कार्डावर लिहून घ्या. तक्रार असेल तर १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० या क्रमांकावर फोन करा, तो मोफत आहे. रोजच्या गोळ्या जनऔषधी दुकानात स्वस्त मिळतात.

सुटीचे कार्ड, अँजिओग्राफीचा अहवाल आणि गोळ्यांची यादी एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून दाराजवळच्या खुंटीला अडकवा. कपाटात कुलूपबंद ठेवलेला कागद रात्री दोन वाजता सापडत नाही.

शेवटी, कापून भिंतीला चिकटवावे असे सहा ओळींत लिहितो.

१. रोज सकाळी वजन करा. दोन दिवसांत दीड-दोन किलो वाढले तर अंगात पाणी साचतेय, डॉक्टरांना कळवा.
२. रोज उजेडात छातीची आणि पायाची जखम बघा.
३. ताप आला तर मोजा आणि तारीख लिहा. १०१ च्या वर गेला तर दवाखाना.
४. हाडाचा आवाज, जखमेतून पू, वाढता दम, यात उद्यावर ढकलू नका.
५. छातीत दाब, तोंड वाकडे, शुद्ध हरपणे, यात १०८ ला फोन. वाट बघण्यात वेळ घालवू नका.
६. गोळी चुकली की घरातल्याने रागावू नये, पण विचारल्याशिवाय झोपू नये.

ज्याच्या छातीला तारा घातल्या आहेत तो माणूस तीन महिने स्वतःची राखण पुरती करू शकत नाही. ती घराने करायची असते. आपल्या वस्तीत असे कोणी असेल तर आज संध्याकाळी त्याच्या घरी जा. बिस्किटाचा पुडा नेला नाही तरी चालेल, दोन हंडे पाणी भरून द्या आणि हा कागद वाचून दाखवा.